सरासरीच्या रकान्यातली आडवी रेघ

१५ जून २०१६. हरारे स्पोर्ट्स क्लबच्या मैदानावर भारत आणि झिम्बाब्वे यांच्यातला तिसरा एकदिवसीय सामना. मालिका भारतानं आधीच खिशात घातलेली, त्यामुळे सामन्यात फारसा जीव नव्हता. झिम्बाब्वेचा संघ ४२.२ षटकांत १२३ धावांत आटोपला. जसप्रीत बुमराहनं २२ धावांत ४ गडी टिपले. मग भारताचे दोन सलामीवीर मैदानात उतरले. एक के. एल. राहुल. त्यानं चारच दिवसांपूर्वी, पदार्पणाच्या सामन्यात, नाबाद शतक ठोकलं होतं. दुसरा तिशी ओलांडलेला डावखुरा. टीव्हीसमोर बसलेल्या बहुतेकांनी त्याचं नाव त्या महिन्यातच पहिल्यांदा ऐकलं असावं. नागपुरात मात्र ते तेरा वर्षांपासून ओळखीचं होतं. फैज याकूब फजल.

२१.५ षटकांत काम झालं. एकही गडी न गमावता भारतानं १२६ धावा केल्या. राहुल नाबाद ६३, फैज नाबाद ५५. त्या ५५ धावा ६१ चेंडूंत आल्या, सात चौकार आणि एका षटकारासह. त्या दिवशी त्याचं वय होतं ३० वर्षं २८२ दिवस. २००० साली मुंबईच्या समीर दिघेला भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळायला मिळाला, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. मधल्या सोळा वर्षांत फैजइतक्या वयात कुणालाच भारताची एकदिवसीय टोपी मिळाली नव्हती.

त्यानंतर फैज फजल भारताकडून कधीच खेळला नाही. पुढच्या आठवड्यातल्या टी-ट्वेंटी सामन्यांत नाही, ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडचा संघ भारतात आला तेव्हा नाही, नंतरही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची नोंद एका ओळीत मावत होती. सामने १, डाव १, नाबाद १, धावा ५५. आणि सरासरीच्या रकान्यात आडवी रेघ.

ही रेघ जरा समजून घ्यायला हवी. क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी काढताना धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या आकड्यानं भागतात. फैज एकदाही बाद झाला नाही. शून्यानं भागता येत नाही हे आपण शाळेतच शिकतो. तेव्हा जो फलंदाज एकदाही बाद झाला नाही, त्याच्या नावापुढे क्रिकेटचं पुस्तक काहीच लिहीत नाही.

बेसबॉलमध्ये हिशेब वेगळा आहे. तिथे फटका यशस्वी किती वेळा झाला, याला फलंदाजीच्या संधींनी भागतात. जॉन पॅचोरेक नावाचा अठरा वर्षांचा पोरगा २९ सप्टेंबर १९६३ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ह्यूस्टनकडून मेजर लीगमधला पहिला सामना खेळला. तीन संधी, तिन्ही यशस्वी. शिवाय दोनदा त्याला चालत पहिल्या बेसवर जाता आलं. पुढे पाठीच्या दुखण्यानं तो परतलाच नाही. बेसबॉलच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे १.००० असा निखळ आकडा आहे, म्हणजे त्या खेळात याहून वरची सरासरी असूच शकत नाही. अमेरिकेत अशा एका दिवसाच्या खेळाडूंवर लोक हौसेनं लिहितात, त्यांच्या गोष्टी सांगतात. क्रिकेटमध्ये त्याच्या जवळ जाणारा म्हणजे त्रिनिदादचा अँडी गँटोम. १९४८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला इंग्लंडविरुद्ध त्यानं आपल्या एकमेव कसोटीत ११२ धावा केल्या आणि पुन्हा त्याला घेतलं नाही. त्याची सरासरी ११२. तो बाद झाला म्हणून निदान आकडा तरी आला!

फैजची गोष्ट एका सामन्याची म्हणून सांगितली तर ती हळहळीची होते, आणि वर्तमानपत्रांनी ती तशीच सांगितली. मला ती तशी सांगायची नाही. त्या एका दिवसाला इतका उशीर का झाला, आणि तो दिवस संपल्यावर या माणसानं काय केलं, हे दोन प्रश्न मला जास्त मोलाचे वाटतात. त्यातल्या पहिल्याचं उत्तर फैजच्या बॅटपेक्षा नागपूरच्या क्रिकेटच्या इतिहासात जास्त सापडतं.

भारतीय क्रिकेटचा पहिला कसोटी कर्णधार नागपूरचा, हे आपण अभिमानानं सांगतो. कोट्टारी कनकैय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. सांगताना आपण पुढचं वाक्य गाळतो. १९२३ मध्ये होळकर महाराजांनी बोलावलं आणि नायडू इंदूरला गेले. जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. म्हणजे फैजहूनही सहा वर्षांनी मोठे. अख्ख्या कसोटी कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला सामने आले सात. पुढे होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला, आणि त्या संघाच्या नावाशी नायडूंचं नाव कायमचं जोडलं गेलं. नागपूरला काय राहिलं? पुतळा आणि आठवण. गुणी माणसानं नाव काढायचं तर गाव सोडायचं, हा पायंडा इथून पडला असं म्हणणं जरा धाडसाचं होईल, पण सुरुवात तरी इथे दिसते.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा संघ रणजीच्या पहिल्या हंगामापासून खेळत होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. गंमत अशी, की राजकारणात ज्या वेगळ्या विदर्भावर इतकी वर्षं सभा आणि बंद झाले, तो क्रिकेटमध्ये १९५७-५८ च्या हंगामातच अस्तित्वात आला. विदर्भाचा स्वतंत्र रणजी संघ उभा राहिला, आणि पुढची साठ वर्षं त्याची गणना मुख्यतः 'समोर विदर्भ असेल तर गुण मिळतील' अशा संघांत होत राहिली. मुंबईच्या पोराला शिवाजी पार्कवर, आझाद मैदानावर निवड समितीचे लोक चालता चालता दिसायचे. नागपूरच्या पोरानं शंभर केले तरी ते खालच्या प्लेट गटात, कुठल्या तरी रिकाम्या मैदानावर. स्कोअरकार्ड छापून यायचं सहाव्या पानाच्या तळाशी.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये पहिली कसोटी झाली. न्यूझीलंडनं ती १६७ धावांनी जिंकली. त्याच मैदानावर १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावसकरनं एकदिवसीय क्रिकेटमधलं आपलं एकमेव शतक ठोकलं. तारीख होती ३१ ऑक्टोबर, नायडूंचा जन्मदिवस. मोठमोठे पाहुणे येऊन खेळून गेले, आपण पासांसाठी धडपडलो, टाळ्या वाजवल्या. पण विदर्भाचा पहिला खेळाडू भारताच्या कसोटी संघात आला तो नोव्हेंबर २०११ मध्ये. खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव. १९६९ ते २०११, म्हणजे बेचाळीस वर्षं हे गाव यजमानपण करत होतं आणि पंगतीत त्याचा स्वतःचा पोरगा नव्हता. त्याआधी नव्वदच्या दशकात प्रशांत वैद्य या वेगवान गोलंदाजाला चार एकदिवसीय सामने मिळाले. रणजीसाठी तोही काही काळ बंगालकडे गेला होता.

अशा गावात फैज फजल ७ सप्टेंबर १९८५ रोजी जन्मला. २००३-०४ च्या हंगामात अठराव्या वर्षी तो विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला, जम्मू-काश्मीरविरुद्ध, नागपुरात. पहिल्याच सामन्यात १५१ धावा. असं पदार्पण मुंबईच्या पोरानं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याची शाळा, त्याचे गुरू, त्याचा बॅटचा ब्रँड सगळं छापून आलं असतं. त्याच सालचा, त्याच्याहून तीन महिन्यांनी लहान असलेला आणखी एक डावखुरा सलामीवीर तेव्हा दिल्लीत धावा करत होता, शिखर धवन. या दोघांची तुलना मी करणार नाही. धवनचा खेळ वेगळ्या प्रतीचा होता, हे मान्यच करायला हवं. पण एका शहराकडून दुसऱ्या शहरापर्यंत बातमी पोचायला किती वेळ लागतो, हे मोजायचं असेल तर हे दोन जन्मदिनांक उपयोगी पडतात.

व्यावसायिक क्रिकेटपटू हा शब्द आज ऐकताना आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर येतो. तेव्हा चित्र निराळं होतं. लहान संघातल्या मुलासाठी व्यावसायिक क्रिकेट म्हणजे नोकरी. रेल्वे, बँक, एखादी सरकारी कंपनी. खेळ थांबल्यावर महिन्याला पगार देईल असं काहीतरी. फैजही काही हंगाम रेल्वेच्या संघाकडून रणजी खेळला. त्या संघाचं घरचं मैदान दिल्लीचं करनैल सिंग स्टेडियम. नायडू होळकरांच्या निमंत्रणावरून गेले, हा रेल्वेच्या निमंत्रणावरून. मधल्या काळात राजस्थान रॉयल्सनं त्याला घेतलं, २०१० आणि २०११ मध्ये तो आयपीएलमध्ये दिसला आणि मग दिसेनासा झाला. टी-ट्वेंटीच्या बाजारात त्याचा खेळ बसत नव्हता. नव्या चेंडूसमोर डावाचा पहिला तास काढायचा, ऑफ स्टंपबाहेरचं सोडत जायचं आणि मग पायांवरचं कुटायचं, हे त्याचं गणित. वीस षटकांच्या खेळात पहिल्या तासाला कोण विचारतो?

पण तो विदर्भाकडे परत आला. हा निर्णय मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयी सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे. तो परतला तेव्हा विदर्भातही काहीतरी हलू लागलं होतं. क्रिकेट प्रशासक शशांक मनोहर यांच्या काळात वर्धा रोडवर जामठ्याला नवं स्टेडियम उभं राहिलं. जुन्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर निवासी अकादमी सुरू झाली. बाहेरून पगारी, अनुभवी खेळाडू आणायचं धोरण आलं. तमिळनाडूचा एस. बद्रिनाथ कर्णधार म्हणून आला, कर्नाटकचा गणेश सतीश आला, मग मुंबईचा वसीम जाफर. २०१४-१५ आणि २०१५-१६ असे सलग दोन हंगाम विदर्भानं उपांत्यपूर्व फेरी गाठली. ज्यांना हे किरकोळ वाटतं, त्यांनी मागची पन्नास वर्षं आठवावीत.

मग २०१६ ची सुरुवात. जानेवारीत कानपूरला देवधर करंडकाचा अंतिम सामना. ज्या प्राध्यापक दि. ब. देवधरांच्या नावाचा तो करंडक, ते पन्नाशीनंतरही शतकं ठोकत होते. तेव्हा तिशीतल्या फैजला त्या करंडकात शतक काढून भारत 'अ' संघाला जिंकून देताना संकोच वाटायचं कारण नव्हतं. मार्चमध्ये मुंबईत ब्रेबर्नवर इराणी करंडक. समोर रणजी विजेता मुंबईचा संघ, पहिल्या डावात ६०३ धावा केलेला. शेष भारताला चौथ्या डावात ४८० धावा हव्या होत्या. इतक्या धावांचा पाठलाग चौथ्या डावात कुणी करत नाही, सामना अनिर्णित राखायला वेळ काढतात. फैजनं १२७ केल्या, कर्नाटकच्या करुण नायरनं ९२, आणि शेष भारतानं सहा गडी गमावून ४८२ काढल्या. नागपूरच्या माणसानं मुंबईत, मुंबईसमोर ही खेळी केली. ती निवड समितीला दिसली, कारण ती मुंबईत झाली! हे वाक्य कडवट वाटेल, पण मला ते खोडता येत नाही.

मे महिन्यात झिम्बाब्वे दौऱ्याचा संघ जाहीर झाला. कोहली, रोहित, धवन सगळ्यांना विश्रांती. महेंद्रसिंह धोनीच्या हाताखाली नव्या पोरांचा संघ, आणि त्यात तिशीचा फैज. त्या वेळी तो इंग्लंडच्या ईशान्येला क्लब क्रिकेट खेळत होता. भारतातले अनेक रणजीपटू उन्हाळा तिकडे काढतात. एखाद्या छोट्या गावच्या क्लबकडून शनिवारी सामना, आठवडाभर तिथल्या पोरांना शिकवणं, चार पौंड गाठीला. तिथून तो हरारेला पोचला.

त्या मालिकेचा आकडा पाहिला की कळतं की तिथे कुणाला सिद्ध करण्यासारखं काही नव्हतंच. भारतानं तीन सामने अनुक्रमे नऊ, आठ आणि दहा गड्यांनी जिंकले. म्हणजे तिन्ही सामने मिळून भारताचे गडी पडले तीन. मधल्या फळीतल्या बहुतेकांना पॅड बांधून पॅव्हेलियनमध्ये बसून राहावं लागलं. पहिल्या दोन सामन्यांत राहुलसोबत करुण नायर सलामीला आला, त्यानं ७ आणि ३९ धावा केल्या. तिसऱ्या सामन्यात त्याला बसवून फैजला संधी दिली. मार्चमध्ये ब्रेबर्नवर ज्यांच्या धावांनी ४८० चा डोंगर चढला गेला, त्यांपैकी एकाची जागा दुसऱ्याला मिळाली. दोघांचं पुढे काय झालं, ते शेवटाकडे सांगतो.

फैजनं ५५ केल्या. याहून जास्त तो काय करू शकला असता? १२४ चं लक्ष्य होतं, राहुलनं ६३ घेतल्या, काही अवांतर होत्या. शतक काढायला धावाच उरल्या नव्हत्या. परीक्षेला बसवलं, पेपर वीस मार्कांचा काढला, त्यानं वीसपैकी वीस मिळवले, आणि मग वीसच मार्क आहेत म्हणून नापास. निवड समितीवर यात अन्यायाचा आरोप करावा का? नाही, मी करणार नाही. रोहित आणि धवन परत येणारच होते, राहुल चोवीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे सगळे फटके होते. तिशीच्या सलामीवीरावर पुढची चार वर्षं कोण लावेल? खेळाच्या हिशेबात निर्णय बरोबर होता. चूक असेलच तर ती २००३ ते २०१५ या वर्षांमधली आहे, आणि ती कुणा एका माणसाच्या नावावर टाकता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. नंतर काय?

२०१७-१८ च्या हंगामात विदर्भाचा कर्णधार होता फैज, आणि प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. पंडितांची शिस्त हा एक वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुंबईकरांना ती सोसवत नव्हती अशी कुजबुज होती, विदर्भाच्या पोरांना ती बहुधा औषधासारखी लागली. वसीम जाफर आदल्या हंगामात दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, म्हणून या हंगामात त्यानं मानधन घेतलं नाही. चाळिशीला टेकलेला, भारताकडून ३१ कसोटी खेळलेला माणूस विदर्भासाठी फुकट खेळतो आहे, हे ड्रेसिंग रूममधल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी पाहिलं. आणि कर्णधार सलामीला जाऊन धावांमागून धावा करत होता. त्या हंगामात फैजनं पाच शतकांसह ९१२ धावा केल्या. देशात त्याच्याहून जास्त धावा एकट्या मयंक अगरवालच्या.

उपांत्य सामना कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर, कर्नाटकाशी. कर्नाटकानं गेल्या पाच वर्षांत दोनदा रणजी जिंकली होती. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर गारद झाला, कर्नाटकाला ११६ धावांची आघाडी. सगळं आटोपल्यातच जमा होतं. दुसऱ्या डावात ३१३ जमल्या आणि कर्नाटकासमोर लक्ष्य आलं १९८ चं. रजनीश गुरबानी हा सिव्हिल इंजिनिअर असलेला मध्यमगती गोलंदाज. त्यानं चौथ्या दिवशी घाव घातले आणि पाचव्या दिवशी सकाळी उरलेलं काम केलं. शेवटच्या जोड्या चिवट निघाल्या. एकेक धाव जाताना नागपुरात मोबाइलवर स्कोअर पाहणाऱ्यांची काय अवस्था होती, ते आठवून बघा. कर्नाटक १९२ वर सर्वबाद. विदर्भ पाच धावांनी अंतिम फेरीत. गुरबानीचे ६८ धावांत ७ गडी.

अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ ला सुरू झाला, आणि मैदान होतं इंदूरचं होळकर स्टेडियम. योगायोगाला मी फार महत्त्व देत नाही, पण हा मला सोडवत नाही. ज्या इंदूरला नागपूरचे नायडू गेले, ज्या होळकरांच्या नावावर त्यांचे रणजी विजय नोंदले गेले, त्याच नावाच्या मैदानावर नव्वदहून अधिक वर्षांनी नागपूरचा संघ पहिल्यांदा अंतिम फेरी खेळत होता. समोर गौतम गंभीरची दिल्ली, कर्णधार ऋषभ पंत. फैजनं नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. दिल्ली २९५, त्यांत ध्रुव शोरीच्या १४५. गुरबानीनं ५९ धावांत ६ गडी घेतले, त्यात हॅटट्रिक. विकास मिश्रा आणि नवदीप सैनी एका षटकाच्या शेवटी, शोरी पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर, तिघेही त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यात याआधी फक्त एकदा, १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमनं हॅटट्रिक घेतली होती. मग फैजच्या ६७, जाफरच्या ७८, यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३, सरवटे आणि नेरळ यांच्या सत्तरीच्या खेळी. ५४७ धावा. दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपला. लक्ष्य २९ चं. जाफरनं एकाच षटकात चार चौकार मारले आणि १ जानेवारी २०१८ च्या दिवशी, साठ वर्षांच्या वाटचालीनंतर, विदर्भानं रणजी करंडक उचलला.

नशीब एकदाच उघडलं असं म्हणायला जागा राहिली नाही. मार्चमध्ये जामठ्यावर इराणी करंडकात विदर्भानं ७ बाद ८०० वर डाव घोषित केला. जाफर २८६, फैज ८९. पुढच्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी, या वेळी घरी, जामठ्यालाच. सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटेनं सामन्यात ११ गडी घेतले, त्यात चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत, एकदा १ वर आणि एकदा शून्यावर. ७८ धावांनी विजय. लागोपाठ दुसरा रणजी करंडक, कर्णधार फैज फजल. त्यानंतरच्या इराणी सामन्याच्या मधल्या दिवशी, १४ फेब्रुवारी २०१९ ला, पुलवाम्याच्या हल्ल्याची बातमी आली. सामना संपल्यावर फैजनं जाहीर केलं की संघाला मिळालेली बक्षिसाची रक्कम शहिदांच्या कुटुंबांना दिली जाईल. त्यात भाषणबाजी नव्हती.

पैशाचा विषय आलाच आहे तर हेही सांगतो. २०१६ साली रणजी खेळणाऱ्या खेळाडूला दिवसाला दहा हजार रुपये मानधन होतं, वर नफ्यातला काही वाटा. २०१८ मध्ये ते पस्तीस हजार झालं. म्हणजे फैजच्या कारकिर्दीतली बहुतेक वर्षं जुन्या दरात गेली. आयपीएलमध्ये एका हंगामात कोटी कमावणाऱ्या पोराच्या शेजारी बसून हा माणूस लाहली, सुरत अशा ठिकाणी सकाळी साडेनऊला नव्या चेंडूसमोर उभा राहत होता.

२०१८ मध्ये त्यानं इंडिया ब्लू संघाचा कर्णधार म्हणून दुलीप करंडकही जिंकला. भारताच्या संघाचं दार मात्र बंदच राहिलं. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या सलामीवीरासाठी ते उघडत नाही, हे त्यालाही ठाऊक असणार. तरी तो खेळत राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हरियाणाविरुद्धच्या सामन्याच्या वेळी त्यानं निवृत्ती जाहीर केली, नागपुरातच, जिथे सुरुवात झाली होती. प्रथम श्रेणीत नऊ हजारांहून अधिक धावा जमल्या होत्या. निरोपाच्या संदेशात त्यानं आपल्या २४ नंबरच्या जर्सीचा निरोप घेतला. निळ्या जर्सीतला तो एक दिवस त्याच्या आयुष्यात होता खरा, पण वीस वर्षांत त्याचं वजन किती, हे त्यानं स्वतःच्या खेळानं ठरवून टाकलं होतं.

आणि करुण नायर? हरारेतल्या दोन सामन्यांनंतर त्यालाही एकदिवसीय संघात पुन्हा जागा मिळाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चेन्नईला त्यानं इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद ३०३ केल्या, आणि काही महिन्यांतच तोही बाहेर गेला. पुढे कर्नाटकानं त्याला वगळलं. तेव्हा तो कुठे आला? नागपूरला. फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये जामठ्यावर केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यानं ८६ आणि १३५ धावा केल्या, विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली, आणि त्याच वर्षी तो भारताच्या कसोटी संघात परतला. पूर्वी नागपूरचे खेळाडू नाव काढायला दुसरीकडे जायचे. नंतर बेंगळुरूचा माणूस नाव परत मिळवायला नागपूरला आला. हा प्रवास कुणा एकाचा नाही, पण त्यातल्या मधल्या, सगळ्यात अवघड टप्प्यावर पहिल्या तासाचा नवा चेंडू कोण खेळत होतं, ते वर लिहिलं आहे.

रणजीच्या सामन्याला बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही. हिवाळ्यात सिव्हिल लाइन्सवर किंवा जामठ्यावर सामना असला, तर एखाद्या सकाळी साडेनऊच्या आत जाऊन बसा. पहिला तास चुकवू नका.